बिलकीसचा पाटा

पाटा-वरवंट्यावर फातिहा, म्हणजे मेलेल्या माणसासाठीची दुआ, वाचली गेल्याची घटना जगात दुसरीकडे कुठं घडली असेल असं मला वाटत नाही. दुबईत घडली. खाडीकाठच्या जकात कचेरीत, भर सकाळी, चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या देखत घडली, आणि वाचणाऱ्यांत पाट्याचा मालक मुनीर स्वतः होता. आता यात त्याचा दोष किती हे तुम्हीच ठरवा. मी त्याच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो.

मुनीर हर्णैचा. मॅट्रिक पास, अंगानं किडकिडीत आणि अक्षर मोत्यासारखं. ज्या दुबईचा मोत्यांचा धंदा बुडून कैक वर्षं झाली होती त्या दुबईत मोत्यासारख्या अक्षराला मात्र गिऱ्हाईक मिळालं. याकूब अरबाबच्या पेढीवर तो इंग्रजी पत्रं लिही. अरबाब म्हणजे मालक. हे याकूब अरबाब तरुणपणी मोती विकायला मुंबईला येऊन-जाऊन असत. त्यामुळं त्यांची हिंदी अस्सल भेंडीबाजारची होती आणि मुंबईकडच्या माणसावर त्यांचा जीव होता. दुपारी ते मुनीरला आपल्याच परातीत जेवायला बसवत आणि मांसाचे चांगले तुकडे बोटांनी निवडून त्याच्या पुढ्यात सरकवत. परक्या मुलखात एवढं कोण करतं, सांगा! मुनीर हे सगळं घरी कळवी आणि त्याचे अब्बा ते पत्र मशिदीच्या ओट्यावर बसून चारचौघांना वाचून दाखवत.

लग्नानंतर वर्षभरानं बिलकीस बोटीनं दुबईला आली. बिऱ्हाड म्हणजे एका चौकातली एक खोली. पाणी गाढवाच्या पाठीवरून पत्र्याच्या डब्यांत येई. वीज नुकतीच आली होती आणि मुनीर बटण दाबताना अजून बिस्मिल्ला म्हणत असे. पण बिलकीस आली आणि त्या खोलीत चहाचा वास यायला लागला, दोरीवर ओढणी वाळायला लागली. मुनीर पेढीवरून धावत घरी यायला लागला. इतका धावत, की मागून कुणीतरी लागलंय असं लोकांना वाटे.

मग बिलकीसला दिवस गेले. मुनीर आधी हवेत तरंगला आणि आठवडाभरात जमिनीवर आला, कारण बिलकीसच्या पोटात काही ठरेना. तुपाचा वास नको, बकऱ्याचा नको, इराण्याच्या रोटीचा नको. पाणीसुद्धा गाढवाच्या वासाचं लागतं म्हणाली. बिचारी वाळून काडी झाली. मुनीरनं एकदा अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "अगं, पण तुला खावंसं काय वाटतंय, ते तरी सांग!"

"काही नको अहो," बिलकीस भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "पाट्यावर वाटलेलं ओलं खोबरं, लाल मिरची, चार लसूण पाकळ्या. भाकरीबरोबर. बस्स."

एवढंच! मुनीरला हायसं वाटलं. नारळ मलबारच्या गलबतांतून येत. मिरच्या बाजारात ढिगानं पडलेल्या. तांदळाचं पीठ मिळे. सगळं होतं हो. त्या अख्ख्या दुबईत नव्हता तो फक्त पाटा.

शेजारच्या मैमुनाबींना हे कळलं. मैमुनाबी मूळच्या महाडच्या, नवरा शिंपी. दुबईत दहा-बारा वर्षं काढल्यामुळं तिथल्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी आपला पितळी खलबत्ता आणून आपटला. "घे, कूट यात. एवढ्यासाठी कशाला हवाय पाटा?"

आता कुटलेलं खोबरं आणि वाटलेलं खोबरं यात काय फरक असतो हे ज्याला ठाऊक नाही त्यानं कोकणात सोयरीक करू नये. बिलकीसनं एक बोट चाटलं आणि ती मोरीकडं धावली.

मग रफिक आला. रफिक खेडचा, मुनीरचा लग्नाआधीचा खोलीतला साथीदार. एका बोट-एजंटाकडं टायपिस्ट होता. टायपिंगखेरीज दुनियेतलं सगळं आपल्याला येतं असं त्याला वाटे. तो म्हणाला, "सरबताची बाटली घे आणि फरशीवर लाट. सायन्स आहे, यार." सायन्स झालं. बाटली फुटली, मुनीरचा अंगठा कापला आणि चटणीत काच गेली म्हणून ती चटणी गाढवाच्यासुद्धा पुढ्यात टाकता आली नाही.

शेवटी मैमुनाबींनीच शेजारच्या अरबी घरातलं गव्हाचं जातं मागून आणलं. जात्यात ओलं खोबरं घातलं की काय होतं? जातं बसतं. दोन बाप्ये लावून वरची पाळी उचलावी लागली. पुढं कितीतरी दिवस त्या घरच्या रोट्यांना लसणाचा वास येत होता. पण माणसं बघा कशी! एका शब्दानं कुणी बोललं नाही. उलट घरात गरोदर बाई आहे म्हणून त्यातल्याच चार गरम रोट्या रोज मुनीरकडं पोचत. बिलकीसला त्या खाता येत नसत. मुनीर खाई आणि त्याचे डोळे भरून येत, थोडे मायेनं आणि थोडे लसणानं.

मुनीरनं सासूबाईंना, खतीजाबींना, आधीच पत्र टाकलं होतं: एक नवा पाटा-वरवंटा घ्या आणि बोटीनं पाठवा. पण बोट येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरनं बिलकीसची नाडी बघून मुनीरला बाहेर बोलावलं. "मिस्टर मुनीर, ही काही खाईल तर इथं राहू दे. नाहीतर पहिल्या बोटीनं आईकडं पाठव. उगाच रिस्क घेऊ नकोस."

मुनीरनं तिकीट काढलं. दुसरं करतो काय?  त्यानं बिलकीसची ट्रंक बांधली आणि बांधताना ती दोनदा सोडून परत बांधली, कारण दोरीची गाठ त्याला दिसत नव्हती. ती एकदा गेली की बाळंत होऊन, मूल जरा मोठं होऊन, वडीलधाऱ्यांची परवानगी मिळून परत यायला किती काळ लागेल? आणि आलीच नाही तर? हर्णैत अशा किती बाया होत्या, ज्यांचे नवरे आखातात नुसते पत्रातून नांदत होते!

आणि नशीब बघा. रखडलेली बोट मुंबईहून वर आली ती नेमकी त्याच दिवशी सकाळी, ज्या दिवशी बसऱ्याकडून खाली येणारी बोट दुपारी बिलकीसला घेऊन मुंबईला जायची होती. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर उतारूंचा मचवा सुटणार होता. म्हणजे मुनीरला एवढंच करायचं होतं. खाडीपलीकडं जायचं, जकातीतून पाटा सोडवायचा, होडीत घालून घरी आणायचा, चटणी वाटायची आणि बायकोला थांबवायचं. मन लावून केलं तर हे काम दोन तासांचं होतं. रफिक मदतीला आला, तिथंच ते लांबलं.

जकात कचेरीतल्या कारकुनानं कागद वाचला. मुंबईच्या बोट-कचेरीतल्या माणसानं त्यावर लिहिलं होतं, "घडीव दगड, नग दोन." कारकून विचारात पडला. त्याच्या दराच्या यादीत दोनच प्रकारचे दगड होते, एक बांधकामाचा आणि एक मौल्यवान. यातला हा कुठला?

"घरात वापरायचा आहे," मुनीर म्हणाला.

"म्हणजे बांधकामाचा," कारकून म्हणाला.

"नाही नाही, मौल्यवान म्हण!" रफिक मध्ये पडला. त्याला वाटलं, मौल्यवान म्हटलं की काम लवकर होईल. मौल्यवान म्हटल्याबरोबर कारकुनानं लेखणी खाली ठेवली, वरच्या साहेबाला हाक मारली आणि गाठोडं सोडायला लावलं.

मुनीरनं तरट काढलं. आतून पांढरंशुभ्र मलमलीचं कापड निघालं, नीट गुंडाळून तीन ठिकाणी बांधलेलं. वरती, मध्ये आणि खाली. खतीजाबी टापटिपीच्या बाई, त्यांनी काळजीनं बांधलं होतं. आजूबाजूचे हमाल जवळ सरकले. मुनीरनं कापड उलगडलं तर आतून सुरंगीचे सुकलेले गजरे पडले. लेकीच्या केसांसाठी आईनं घातलेले. सगळीकडं वास दरवळला. आणि मग दिसला पाटा. आपल्याकडचा पाटा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. काळा दगड, वरच्या बाजूला टोक काढलेलं, अंगभर टाकीचे बारीक ठोके. पण ज्यानं जन्मात पाटा पाहिलेला नाही त्याच्या डोळ्यांनी एकदा बघा. पांढरं कापड, फुलं, टोकदार माथ्याचा घडीव दगड, आणि बरोबर कबरीच्या पायथ्याला लावायला एक छोटा दगड.

एका म्हाताऱ्या हमालानं डोक्याचं मुंडासं काढलं. जकातीचा साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला.

नेमके याच वेळी याकूब अरबाब आत आले. त्याच बोटीनं त्यांच्या चहाच्या पेट्या आल्या होत्या. त्यांनी कापड पाहिलं, फुलं पाहिली, दगड पाहिला आणि मुनीरचा आठवडाभर न झोपलेला, रडवेला चेहरा पाहिला. 

"बेटा," ते म्हणाले, "बोला क्यूं नहीं? अकेला अकेला गम खाता रहा?"

"अरबाब, यह तो..."

"कुछ मत बोल. सबर कर." त्यांनी मुनीरला छातीशी धरलं आणि मुनीरचं पुढचं वाक्य त्यांच्या बिश्तात, त्या लांब अरबी झग्यात गेलं. मग त्यांनी दोन्ही हात उचलले. साहेबानं उचलले. कारकुनानं, हमालांनी उचलले.

आता इथं मुनीरनं काय करायला हवं होतं हे तुम्ही घरी बसून सांगाल. पण आपल्या लोकांची रीत काय आहे? वडील माणसानं फातिहाला हात उचलले की आपले हात आपसूक उठतात. कोण गेलं ते मागाहून विचारायचं. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं ते. मुनीरचे हात उठले. ओठ हलले. "आमीन" झालं आणि मुनीरच्या लक्षात आलं की आता आपण गेलो.

"खरं सांगून टाकू का?" त्यानं रफिकला हळूच विचारलं.

"येडा की काय तू?" रफिक कुजबुजला. "साहेबानं जकात माफ केली. बघ, कागदावर शिक्का मारतोय. गप राहा आणि चेहरा असाच ठेव."

चेहरा असाच ठेवणं मुनीरला मुळीच जड गेलं नाही. पुढचा सगळा वेळ तो चटणीच्या दगडापाशी बसून सांत्वनं घेत होता. कुणी कॉफी आणली, कुणी खजूर पुढं केले. दुःखी माणसानं कॉफी नाकारायची नसते म्हणून त्यानं पेल्यांवर पेले घेतले. दर वेळी तो उठू लागला की अरबाब खांद्यावर हात ठेवून खाली बसवत, "बैठ बेटा, ऐसे में जल्दी नहीं करते." तिकडं सूर्य डोक्यावर आला होता. घरी बिलकीस बुरखा घालून ट्रंकेवर बसली असेल. 

अखेर सगळे उठले. पुलाचं त्या काळी नुसतं बोलणं चाललं होतं. खाडी ओलांडायला वल्ह्यांच्या होड्या असत, तिथं त्यांना अब्रा म्हणतात. मुनीरनं पाटा उचलला आणि होडीच्या तळाशी ठेवायला वाकला.

"अस्तगफिरुल्ला!" अरबाब ओरडले. "पांव के पास? ऐसी चीज पांव के पास रखते हैं?"

नाही ठेवत. अशी वस्तू मानानं न्यायची असते. म्हणून तो दगड उभा करून अरबाबनी एका बाजूनं धरला, रफिकनं दुसऱ्या बाजूनं, आणि दोघं होडीत उभे राहिले. नावाडीही मान राखायला उभा राहिला. हातात वरवंटा घेऊन मुनीर उभा. होडीत जो दगड मुकाट्यानं तळाला पडून घरी पोचला असता तो आता चार माणसांच्या छातीच्या उंचीवर खाडी ओलांडत होता. मध्यावर आल्यावर एक मोठं गलबत बाजूनं गेलं. त्याच्या लाटेनं होडी डावीकडं झुकली, रफिक उजवीकडं झुकला, अरबाबना आपली पगडी सांभाळावी लागली, आणि पाटा गेला. आवाजसुद्धा फार झाला नाही. डुबुक्, बस्स.

मुनीर पाण्याकडं बघत राहिला. हातात वरवंटा. नुसत्या वरवंट्याचं माणसानं काय करायचं?

अरबाबनी मात्र होडीतूनच आरोळी ठोकली. काय सांगितलं ते मुनीरला सगळं समजलं नाही, पण दोन्ही काठांवर ते समजलं. इकडच्या होड्या थांबल्या, तिकडच्या वळल्या. गलबतावरचे खलाशी कठड्याला येऊन उभे राहिले. कुणा गरीब हिंदी पोराच्या माणसाच्या कबरीचा दगड बुडाला, एवढी बातमी खाडीभर झाली. काठावर जाळं विणत बसलेला एक म्हातारा उठला आणि कमरेची लुंगी घट्ट करत पाण्यापाशी आला. वली त्याचं नाव. तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारणारा. धंदा बुडाला, समवयस्क बहुतेक गेले, पण नाकाला लावायचा शिंगाचा चिमटा त्याच्या गळ्यात अजून दोरीनं लोंबत होता. छातीची हाडं मोजून घ्यावीत असा तो झाला होता.

होडी काठाला लागली. वली अरबाबना काहीतरी म्हणाला आणि हात पुढं केला. "डूबने को वजन मांगता है," अरबाब म्हणाले. "वह छोटा पत्थर दे दे इसको."

म्हणजे वरवंटा! पाटा खाली, आता वरवंटाही खालीच निघाला. पण मुनीरला त्याचं काही वाटलं नाही. त्याची नजर त्या म्हाताऱ्याच्या बरगड्यांवर खिळली होती. वलीनं वरवंट्याला दोर बांधला, पाय अडकवायला फास केला, आणि चिमटा नाकाला लावण्याआधी मेलेल्या माणसासाठी काहीतरी पुटपुटला.

हे मात्र मुनीरला सोसलं नाही. आता बोललं तर अरबाबच्या पेढीवरची नोकरी जाणार, हे त्याला दिसत होतं. अख्ख्या बंदरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हेही दिसत होतं. आणि खरं कळल्यावर चटणीच्या दगडासाठी कोण बुडी मारतो? म्हणजे पाटा जाणार, बिलकीस जाणार. पण या म्हाताऱ्याला आत काही झालं तर?

"थांबा!" तो मराठीतच ओरडला. मग हिंदीत. "रुको चाचा! कोई नहीं मरा! अरबाब, कोई भी नहीं मरा! वह पत्थर चटनी पीसने का है!"

 रफिक हळूहळू मागं सरकून गर्दीत मिसळला.

"मेरी घरवाली पेट से है," मुनीर रडत सांगू लागला. आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "कुछ खाती नहीं. बोलती है, पत्थर पर पीसेगी तो खाएगी. उसकी माँ ने भेजा. दोपहर की बोट से वह चली जाएगी. फूल बालों के लिए हैं, अरबाब. मेरी गलती हो गई, मुझे माफ करो."

अरबाबनी त्याची मान वर केली. "तो तू पहले क्यूं नहीं बोला?"

"आपने बोलने नहीं दिया."

अरबाबनी दाढीवरून हात फिरवला.  "यह भी सही है," ते म्हणाले. मग वलीला त्यांनी सगळं अरबीत सांगितलं. सांगताना त्यांनी आपलं पोट पुढं काढून दाखवलं आणि हातानं वाटून दाखवलं. काठावर हशा पिकला. मुनीरनं मान खाली घातली. आता हा म्हातारा पायातला फास काढून वरवंटा आपल्या पुढ्यात आपटणार, याची त्याला खात्री होती.

वली हसला नाही. तो मुनीरवर डाफरला, आणि तेही मोडक्या हिंदीत, मुनीरला नीट समजावं म्हणून. "अरे गधा! मरा हुआ आदमी बैठता है, कल भी बैठता है. भूखी औरत नहीं बैठती. तू मेरा इतना टाइम क्यूं खाया?" आणि चिमटा नाकाला लावून, वरवंट्याच्या ओझ्यानं तो सरळ खाली गेला.

लोक श्वास धरून उभे राहिले. मुनीरनं तर इतका धरला की रफिकनं परत येऊन त्याच्या पाठीत गुद्दा मारला. वली वर आला तो एक गंजका नांगर घेऊन. त्या नांगराचा मालक लगेच गर्दीतून निघाला आणि नांगर वाकवला कुणी म्हणून भांडायला लागला. वलीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाट्यासाठी आणखी एक दोर घेऊन तो परत गेला. या खेपेला फार वेळ लागला. अरबाबच्या ओठांवर पुन्हा दुआ आली, या वेळी जिवंत माणसासाठी. मग दोराला हिसका बसला. चौघांनी ओढला आणि पाण्यातून आधी ते टोक वर आलं, मग चिखलानं माखलेला सगळा पाटा, आणि त्याला मिठी मारलेला वली. पाठोपाठ आपल्या दोरानं वरवंटा.

मुनीर वलीच्या पायाशी बसला.  वली धापा टाकत काठावर बसला होता आणि लोकांनी त्याच्या अंगावर घातलेलं उपरणं झिडकारत होता.

"अब चल!" अरबाब गरजले. "बोट जाएगी! और पत्थर आड़ा पकड़ो, आड़ा!"

मग जी वरात निघाली ती आजही माझ्या डोळ्यांपुढं उभी राहते. पुढं पाटा डोक्यावर घेतलेला म्हातारा हमाल. त्यामागं बिश्त वर धरून धावणारे अरबाब, ओला वली, वरवंटा छातीशी धरलेला मुनीर, वाटेत घेतलेला नारळ सांभाळणारा रफिक. आणि मागं ज्यांचा काहीच संबंध नव्हता अशी माणसं, नांगरवाला धरून.

बिलकीस खोलीच्या दारात बुरखा घालून उभी होती. ट्रंक बाहेर काढलेली. शेजारी मैमुनाबी डोळे पुसत उभ्या. त्यांनी वरात पाहिली आणि पहिला शब्द काढला, "तरी मी म्हटलं होतं, सिमेंटचा करून घ्या!" त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

हमालानं पाटा दारात ठेवला. मैमुनाबींनी बादलीभर पाणी ओतलं, चिखल वाहून गेला. बिलकीसनं नकाब वर केला. ती पाट्याकडं बघत राहिली, मग खाली बसली आणि पाट्याच्या मधोमध हात फिरवला. तिथं एक खळगा होता, वर्षानुवर्षं वाटून गुळगुळीत झालेला.

"तुम्ही अम्माला नवा घ्यायला सांगितला होता ना?" तिनं विचारलं.

"हो. तसंच लिहिलं होतं."

"हा नवा नाही. हा आमच्या घरातला आहे. अम्माचा." तिचा आवाज बदलला. "नव्या पाट्याची कच दाताखाली येते. म्हणून तिनं आपलाच पाठवला. आता ती कशावर वाटत असेल हो?"

 अरबाबनी रफिककडून अर्थ समजून घेतला आणि ते भिंतीकडं वळून उगाचच पगडी नीट करू लागले. लेक जेवावी म्हणून आपल्या चुलीपासचा दगड उचलून समुद्रापार देणारी ती बाई, आणि त्या दगडासाठी पाण्यात गेलेला हा म्हातारा. मुनीरला वाटलं, आपण यांचे कोण लागतो? आणि यांचं हे सगळं आपण कुठं ठेवायचं? 

बिलकीसनं बुरख्याच्या बाह्या मागं सारल्या. "मिरच्या द्या," ती म्हणाली. रफिकनं नारळ फोडला. मैमुनाबींनी लसूण सोलला. वरवंट्याची ती घरघर चौकात सुरू झाली आणि मुनीरला हर्णैची सकाळ आठवली. अरबी शेजारणी दारांतून डोकावू लागल्या. वाटण लालभडक, लोण्यासारखं मऊ झालं. मैमुनाबींनी तव्यावरची तांदळाची भाकरी पुढं केली. बिलकीसनं तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला.

चौकातली सगळी माणसं तिच्या गळ्याकडं बघत होती. अरबाब, वली, हमाल, नांगरवाला, सगळी. तिनं गिळलं. ती मोरीकडं बघतेय का, याकडं मुनीर डोळे लावून होता.

"खारट झालंय," बिलकीस म्हणाली.

अरबाबनी रफिककडून ते समजून घेऊन वलीला अरबीत सांगितलं. वली चिडून काहीतरी म्हणाला, आणि अरबाब पोट धरून हसू लागले. "बोलता है, खाडी धोने को मेरे को किसी ने नहीं बोला था!"

बिलकीसचं लक्ष नव्हतं. तिनं दुसरा तुकडा मोडला होता. मग तिसरा. बुरखा डोक्यावरून घसरला होता आणि नाकाच्या शेंड्यावर मिरचीचा घाम आला होता. इतक्यात समुद्राकडून भोंग्याचा लांबलचक आवाज आला. ती खायची थांबली.

"कसला आवाज तो?"

 "मुंबईची बोट," मुनीर म्हणाला. "सुटली."

"सुटू दे," बिलकीस म्हणाली. "भाकरी आहे का आणखी?"